चार मतं आणि एक पातेलं

आमच्या स्वयंपाकघराच्या माळ्यावर जर्मनचं एक मोठं पातेलं आहे. घरातल्या कुठल्याही कार्याला ते खाली उतरत नाही. मुंज असो, बारसं असो, सगळं केटररवर चालतं. पातेलं उतरायचं ते फक्त मतदानाच्या दिवशी. आदल्या संध्याकाळी मी स्टुलावर चढून ते काढून द्यायचो, आई ते घासून उपडं घालायची आणि सकाळी त्यात पोहे व्हायचे. शाळेबाहेर तिच्या पक्षाचं टेबल लागायचं. तिथं मतदारयाद्या घेऊन बसलेली पोरं चहावर दिवस काढतात हे तिला पहिल्यांदा कळलं, तेव्हापासून पोहे आमच्याकडून. लोकसभा, विधानसभा, महापालिका, काहीही असो. लहानपणी मला वाटायचं, मतदान हा पोह्यांचा सण आहे.

वडिलांनी धायरीत फ्लॅट घेतला तेव्हा आजूबाजूला शेतं होती आणि नातेवाईक विचारायचे की तिथं जायला बस कुठून मिळते. वडील सरकारी नोकर, त्यामुळे राजकारणावर कधी बोलले नाहीत. ती सगळी हौस आईची. तिला पक्षानं तिकीट दिलं नाही, तिनं मागितलंही नाही. सभा असली की ती पहिल्या रांगेत बसायची आणि घरी आल्यावर भाषण पुन्हा आम्हाला ऐकवायची. तिच्या नेत्याला कुणी नावं ठेवली तर ती उठून आत जायची आणि भांडी जरा जोरात ठेवायची.

मी तसा नाही. मी मार्केट यार्डात एका भुसार मालाच्या व्यापाऱ्याकडे हिशेब बघतो. तिथं पोतं काट्यावर चढतं, वजन दिसतं आणि वाद तिथंच मिटतो. मत देतानाही मी उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं वाचतो. शिक्षण, मालमत्ता, गुन्हे, आधी निवडून आला असेल तर वॉर्डात काय केलं, हे सगळं एका कागदावर आखून ठरवतो. या कागदाचा घरात कुणाला कधी उपयोग झाला नाही. बायको म्हणते, "तुमचं ठरलं की मला नाव सांगा," आणि मग जाऊन स्वतःच्या मनाचं करते.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. बँकेतून निवृत्त झालेले, आईपेक्षा थोडे मोठे. ते पहिल्यापासून आईच्या पक्षाच्या विरुद्ध पक्षाचे. दर निवडणुकीला जिन्यात त्यांची गाठ पडायची.

"वहिनी, यंदा डिपॉझिट तरी वाचेल का?"

"तुमच्या उमेदवाराला आधी वॉर्ड दाखवून आणा, भावजी. रस्ता विचारत फिरत होता परवा."

इतकंच. दिवाळीच्या फराळाची ताटं दोन्हीकडून जायची. पण मतदानाच्या दिवशी काकांनी आमच्या घरचा चहाही घेतला नाही. पोह्यांचा वास जिन्यात भरलेला असायचा आणि ते दार लावून घ्यायचे. एकदा मी दोघांनाही म्हणालो, एकाचं मत इकडे, दुसऱ्याचं तिकडे, दोन्ही वजा होऊन शून्य. दोघंही घरी बसा, निकाल तोच लागेल. आई माझ्याशी बोललीच नाही. काका म्हणाले, "पोटासाठी हिशेब करतोस ते ठीक आहे रे. तो घरी कशाला आणतोस?"

मग पक्ष फुटला. कसा आणि का, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको, आणि सांगण्यासारखं त्यात काही उरलेलंही नाही. जे सत्तेकडे गेले त्यांना जुनं नाव आणि जुनं चिन्ह मिळालं. जे राहिले त्यांना नवं चिन्ह मिळालं. सुरुवातीला आई टीव्हीपुढून हलत नव्हती. कोर्टात काय झालं, कोण कुठल्या हॉटेलात आहे, सगळं तिला तोंडपाठ होतं. पुढे एक दिवस तिनं रिमोट माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "क्रिकेट असेल तर लाव." तिला क्रिकेट कळत नाही.

तिला नेमकं काय लागलं होतं ते मला ठाऊक होतं. वडील गेले तेव्हा नातेवाईक यायला वेळ होता. पक्षाची पोरं आधी आली. त्यांनीच बांबू आणले, गाडी सांगितली, दाखल्यासाठी धावपळ केली. मी मडकं घेऊन पुढे चालत होतो आणि मागे तिरडीला चार खांदे त्यांचे होते. त्या चौघांतले दोघं आता या गटात आहेत आणि दोघं त्या गटात.

फुटीनंतरच्या लोकसभा-विधानसभेला आमच्या भागात यांच्यातलं कुणीच उभं नव्हतं, त्यामुळे टेबल लागलं नाही आणि पोह्यांचा प्रश्नही आला नाही. महापालिकेची निवडणूक कित्येक वर्षं रखडली होती. एकदाची ती लागली आणि आमच्याकडे दोन्हीकडचे लोक आले. आधी आला तो मूळचा गावातलाच, दुधाचा धंदा असलेला. तो जुन्या नेत्याबरोबर राहिला होता. त्यानं आईच्या पायाला हात लावला आणि खाली सतरंजीवरच बसला.

"काकू, पोह्यांचं तेवढं ठरल्यालंच हाय ना?"

"बघू," आई म्हणाली.

दोन दिवसांनी झेरॉक्सचं दुकान असलेला आला. हा पलीकडच्या गटातला, म्हणजे जुन्या चिन्हाबरोबर गेलेला. यानंही पायाला हात लावला.

"काकू, चिन्ह आपल्याकडे, म्हणजे पक्ष आपल्याकडे. पक्ष आपल्याकडे, म्हणजे पोहे आपल्याकडे."

"बघू," आई पुन्हा म्हणाली. दोघांनाही तिनं लाडू दिले. वडिलांच्या तिरडीला दोघांचाही खांदा होता.

त्या रात्री जेवताना तिनं सांगितलं, "मी यंदा मतदानाला जाणार नाही."

"पाय दुखतायत का?" मी विचारलं.

"पायांना काय धाड भरलीय?"

मला ते खरं वाटलं नाही. तापातसुद्धा रांगेत उभी राहिलेली बाई ही. पण तिनं दुसऱ्या दिवशी मतदार चिठ्ठी फ्रिजवरून काढून ड्रॉवरमध्ये टाकली, तेव्हा मला काळजी वाटायला लागली. वडील गेल्यापासून तिचं बाहेर जाणं एकेक करून कमी झालं होतं. भिशी सुटली, देऊळ सुटलं, नंतर संध्याकाळचं फिरणं. पक्षाच्या निमित्तानं मात्र ती साडी बदलून जिना उतरायची. आता तेही सुटलं तर तिला घराबाहेर काढायला काही उरणार नव्हतं. मला कुणाच्या एका मताची फिकीर नव्हती. मला तिनं जिना उतरायला हवा होता.

मी मला जमतं ते केलं. कागद आखला. या वेळी काम चौपट होतं, कारण महापालिकेला आमच्या प्रभागात चार जागा आणि प्रत्येकानं चार मतं द्यायची. अ, ब, क, ड अशा चार जागा, प्रत्येकीच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा: पांढरा, गुलाबी, पिवळा, निळा. पक्षांनी जागा वाटून घेतलेल्या. आईच्या जुन्या नेत्याच्या गटाला फक्त पांढरी जागा आली होती. बाकी तीन ठिकाणी त्यांच्या आघाडीतले असे पक्ष, ज्यांना शिव्या देण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं. काकांची गंमत वेगळी. त्यांच्या पक्षानं तीन जागा स्वतःकडे ठेवल्या होत्या आणि निळी जागा दिली होती आईच्या पक्षातून फुटून आलेल्यांना. म्हणजे जन्मभर ज्या चिन्हाविरुद्ध काका लढले ते निळ्यावर त्यांचं स्वतःचं झालं होतं.

मी आईपुढे कागद ठेवला आणि म्हणालो, पक्ष सोडून दे, माणसं बघ. तिनं चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचलं.

"शिक्षण, उत्पन्न, गाडी, स्वतःचं घर," ती म्हणाली. "मुलगी द्यायचीय का यांना?"

"मग कशावरून ठरवायचं?"

"ठरवायचं नसतं. असतं ते."

 कागद मी घडी करून खिशात ठेवला.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी काका वर आले. सहसा ते दारातूनच बोलून जातात. आज आत येऊन बसले.

"मी ऐकतोय ते खरं का, वहिनी? तुम्ही जाणार नाही म्हणे उद्या."

"नाही जाणार."

"बरं. मग मीही जात नाही."

आईनं वर पाहिलं. "तुम्हाला काय झालं? तुमचं तर सगळीकडे चाललंय."

"आमचं कसलं? निम्मे तुमचेच येऊन बसलेत. व्यासपीठावर बघितलं तर मला वाटतं मी चुकून तुमच्या सभेला आलो." काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "आणि माझं मत होतं कशाला? तुमचं फिटवायला. तुम्ही नाही, तर मी थंडीत कशाला उभा राहू?"

इतक्या वर्षांपूर्वी मी जो हिशेब मांडला होता तो अखेर दोघांना पटला होता. एक वजा एक. मला अजिबात बरं वाटलं नाही. दोन म्हातारी माणसं सोफ्याच्या दोन टोकांना बसली होती आणि बाहेरून प्रचार संपल्यानंतरची शांतता ऐकू येत होती. आठवडाभर भोंग्यांनी डोकं उठवलं होतं आणि आता ती शांतताही नकोशी वाटत होती.

थोड्या वेळानं आई म्हणाली, "तुम्ही जाणारच."

"कोण म्हणतं?"

"मी ओळखत नाही का तुम्हाला? मला घरी बसवायचं आणि सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन यायचं."

"अहो, शब्द देतोय."

"बँकवाल्यांचे शब्द."

"मग विश्वास नसेल तर या बरोबर," काका म्हणाले. "मी कुठलं बटण दाबतो ते दिसणार नाही, पण गेलो की नाही ते तरी दिसेल."

"तुम्ही जाणार नव्हता ना?"

"तुम्ही आलात तर जाईन. तुमचं मत वर राहू देईन का मी?"

मला यातलं तर्कशास्त्र अजून नीट लागलेलं नाही. दोघंही घरी बसणार होते. दुसरा घरी बसेल यावर दोघांचाही विश्वास नव्हता. म्हणून दोघंही जाणार असं ठरलं. आई उठून आत गेली आणि ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. चिठ्ठी पुन्हा फ्रिजवर आली. पातेलं मात्र काढ असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

सकाळी आम्ही तिघं चालत निघालो. शाळा जवळच आहे. बायकोनं आधीच जाऊन मत दिलं होतं. आईनं शाल घेतली होती, काकांनी कानटोपी आणि काठी. शाळेच्या अलीकडे, नियमाप्रमाणे अंतर सोडून, टेबलं लागली होती. पूर्वी ज्या कोपऱ्यावर आईच्या पक्षाचं एक टेबल असायचं, तिथं रस्त्याच्या दोन बाजूंना दोन टेबलं होती. एका बाजूला दूधवाला, समोर झेरॉक्सवाला. आई दिसताच दोघंही उठून उभे राहिले.

"काकू, या, इकडून या," दोघं जवळजवळ एकदमच म्हणाले.

आई रस्त्याच्या मधोमध थांबली. मागून एक स्कूटर हॉर्न वाजवत होती. काकांनी स्कूटरवाल्याला हात करून थांबवलं.

"काकू, पोहे नाही का आले?" दूधवाल्यानं विचारलं. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"नाही रे."

"बरं नाही का तुम्हाला?" झेरॉक्सवाल्यानं समोरून विचारलं.

"बरी आहे. पातेलं एकच आहे."

 दूधवाला खाली बसला आणि यादीत बघायला लागला. आम्ही पुढे गेलो. काका आईच्या एक पाऊल मागे चालत होते. त्यांच्या पक्षाच्या टेबलावरून कुणीतरी "नमस्कार साहेब" म्हणून हाक मारली. त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

आत ज्येष्ठ नागरिकांना पुढे सोडत होते. दोघांना हाताला धरून आणलं म्हणून मलाही त्यांच्यामागे घेतलं. आधी आई, मग काका, मग मी. आईच्या बोटाला शाई लागली, सही झाली आणि ती पुठ्ठ्याच्या आडोशाआड गेली. एक पीं असा छोटा आवाज झाला. मग काहीच नाही. आणि आई बाहेर आली.

"आजी, झालं नाही अजून," यंत्राजवळ बसलेली अधिकारी बाई म्हणाली. "चार मतं द्यायची आहेत. तुमचं एकच झालंय."

"एकच द्यायचं होतं."

"तसं नाही चालत आजी. चारही झाल्याशिवाय मोठा आवाज होत नाही. तो झाल्याशिवाय पुढच्याला मत देता येत नाही."

आईनं मागे पाहिलं. पुढचे म्हणजे काका.

"बाकीच्यांना मला द्यायचं नाही," ती म्हणाली.

"मग सगळ्यात खाली बटण आहे बघा. वरीलपैकी कोणीही नाही. ते दाबा."

"कोणीही नाही कसं म्हणू? उभी आहेत ना माणसं तिथं."

अधिकारी बाई पहाटेपासून तिथं बसलेली असावी. तिनं कपाळ चोळलं. मागे रांग वाढत होती, कुणीतरी "काय झालं, मशीन बंद पडलं का?" असं विचारत होतं. एक तरुण मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "आजी प्रोटेस्टवर आहेत."

माझ्या खिशात तो कागद होता. गुलाबी, पिवळा, निळा, सगळं तयार होतं. आणि तिथं तोंड उघडायची मला परवानगी नव्हती.

"वहिनी," काका म्हणाले, "आटपा हो. तुमच्यामुळे माझं मत अडकलंय."

"अडकू दे. तुम्ही काल येणारच नव्हता."

"आता आलोय ना. आणि ऐका, मला तिथं जाऊन निळ्यावर तुमचं जुनं..."

"आजोबा, इथं पक्षाचं काही बोलायचं नाही," अधिकारी बाई कडाडली.

"पक्षाचं नाही हो. रंगाचं बोलतोय." काकांनी आवाज खाली आणला. ते आईकडेच बघत होते. "मला जे दाबायला लागणार आहे ते माझ्या हातानं दाबवणार नाही, वहिनी. तरी उभा आहे. तुम्ही नुसतं तीन वेळा बोट लावायचं तर इतकं काय?"

आई त्यांच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं ज्या माणसाला हरवायला ती थंडीत उभी राहिली तो काठीवर वाकून उभा होता आणि त्याचीही फार जिंकल्यासारखी अवस्था नव्हती. ती वळून पुन्हा आडोशाआड गेली. बराच वेळ लागला. ती वाचत असावी. चष्मा वर-खाली होताना दिसला. मग एक छोटा आवाज, थोड्या वेळानं दुसरा, आणि मग तो लांबलचक पीं. रांगेत कुणीतरी टाळी वाजवली.

काका आत गेले. त्यांनाही वेळ लागला. निळ्यावर त्यांनी काय केलं हे मला माहीत नाही. बाहेर आले तेव्हा त्यांनी रुमालानं बोट पुसलं, शाई नसलेलं.

 घरी आल्यावर आईनं शाल घडी केली, चहा मागितला आणि म्हणाली, "तुझा तो कागद आण बरं."

मी खिशातून काढून दिला.

"पिवळ्यात एक बाई होती. चष्मेवाली. मधेच कुठेतरी. कोण ती?"

मी बघितलं. अपक्ष. पदवीधर, शिकवण्या घेते, गुन्हा एकही नाही, मालमत्ता म्हणजे कर्जावरचा फ्लॅट.

"बरी आहे ना?" आईनं विचारलं.

"कागदावर तरी बरी आहे."

"मग झालं."

इतकी वर्षं मला वाटत होतं, आईनं एकदा तरी असं विचारून, माणूस बघून मत द्यावं. तिनं विचारलं ते मत देऊन आल्यावर, आणि औषधाच्या पाकिटावरची मुदत माझ्याकडून वाचून घेते तशा आवाजात. मी कागद पुन्हा घडी केला. समाधान वाटायला हवं होतं. फक्त थकवा आला, मार्च अखेरीला येतो तसा.

निकालाच्या दिवशी ती चष्मेवाली पार खाली राहिली. कोण आलं, कोण पडलं ते लिहीत नाही. दुपारी गुलाल उधळत मिरवणूक गेली. आईनं खिडकी लावून घेतली, धूळ येते म्हणून. काका वर आले आणि सवयीनं दारातूनच म्हणाले, "काय वहिनी, तुमचे आले की पडले?"

"माझे म्हणजे कुठले?" आईनं विचारलं.

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. काका आत येऊन बसले आणि कुणी काही बोलायच्या आत आवाज बंद असलेल्या टीव्हीकडे बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी कामावर निघालो तेव्हा आई म्हणाली, "ते पातेलं खाली काढ. सोसायटीच्या गणपतीच्या सामानात देऊन टाक. तिथं प्रसादाला उपयोगी पडेल."

"असू दे की. पुढच्या वेळी..."

"पुढच्या वेळी येईन मी मत द्यायला. ते काही सोडलं नाही. तू कागद कर, वाचून ठेवीन आधी. पण पातेलं ने."

मी स्टुलावर चढलो. आतमध्ये जुन्या पेपरात गुंडाळलेला मोठा झारा होता, तोही घेतला. जिना उतरताना काकांचं दार उघडं होतं. ते चपला घालत होते, सकाळच्या फिरण्यासाठी.

"कुठे निघाली मिरवणूक?"

मी सांगितलं. काकांनी एक चप्पल तशीच ठेवली, जवळ आले आणि पातेल्यात वाकून पाहिलं. जणू आत काही असणार होतं.

"इतकी वर्षं वास घेतला याचा," ते म्हणाले. "खाल्ले नाहीत कधी. कसे असायचे रे?"

"खरं सांगू? मीठ जास्त असायचं. घाईत दोनदा पडायचं तिच्या हातून."

"मग?"

"मग काही नाही. टेबलावर कधी कुणी तसं म्हटलं नाही."

काकांनी मान हलवली आणि दुसरी चप्पल घातली. पातेल्याचा एक कान त्यांनी धरला, दुसरा मी धरला, आणि आम्ही ते खाली नेऊन ठेवलं.